चांचा हा शब्द आणि रामा कामतीचें पत्र

जुन्या कागदांच्या संग्राहकांस एक गोष्ट नित्य अनुभवाची आहे. पत्र कसरीनें खाल्लेलें असो, शाई उडालेली असो, घडीवर कागद तुटलेला असो. पहिल्या दोन ओळी बहुधा वाचतां येतात आणि त्या ओळींत मायना असतो. कोणी कोणास लिहिलें, वडीलकीनें लिहिलें कीं बरोबरीनें, कामापुरतें लिहिलें कीं स्नेहानें, हें त्या मायन्यावरून पुष्कळसें उमगतें. मात्र शत्रुपक्षाकडील मनुष्यास लिहिलेल्या पत्राचा मायना समोर आला म्हणजे आपणांपैकीं चांगल्या जाणत्यांचीहि मति गोंधळते.

गेल्या पावसाळ्यांत गिरगांवांतील एक जुनी चाळ पाडली जाण्यापूर्वीं तेथील एका कुटुंबाचे रुमाल पाहण्याचा योग आम्हांस आला. यजमान सुशिक्षित व अगत्यशील. त्यांनीं सर्व कागद आमच्यापुढें मांडले, पण चार कागद निराळे काढून पेटींत ठेवले. कारण विचारतां संकोचून म्हणाले, "गुरुजी, हे दाखवण्यासारखे नाहींत. आमच्या पूर्वजांनीं यांत टोपीकरास राजश्री म्हटलें आहे. लोक काय म्हणतील?" आम्हीं आग्रह केला तेव्हां त्यांनीं कागद दुरून दाखविले. मजकूर तांदळाचा व जकातीचा, त्यांत कोणाचाहि घात नव्हता. लाज वाटत होती ती केवळ मायन्याची. प्रस्तुत लेख त्या चार कागदांमुळें लिहिला जात आहे.

युद्ध सुरू झालें म्हणजे शत्रूचें नांव मागें पडतें व त्याच्या जागीं एक विशेषण येतें. हा प्रकार आपल्याकडे जुना आहे. म्लेच्छ हा शब्द घ्या. वैयाकरणांच्या धातुपाठांत या धातूचा अर्थ अस्पष्ट बोलणें एवढाच आहे. पतंजलीनें महाभाष्याच्या आरंभीं असुरांच्या अशुद्ध उच्चाराची व त्यामुळें झालेल्या त्यांच्या पराभवाची जी कथा सांगितली, तीहि व्याकरणाचें प्रयोजन पटविण्यासाठींच. म्हणजे ज्याची भाषा आपणांस कळत नाहीं तो म्लेच्छ. ग्रीकांचा बार्बरोस हा शब्दहि असाच परक्या बोलीच्या बडबडीवरून निघाला. येथवर कोणाचें बिघडलें नाहीं. परंतु ज्याची भाषा कळत नाहीं त्याचें दुःखहि आपणांस कळण्याचें कारण नाहीं, ही समजूत पुढें त्या शब्दास चिकटली आणि मग शब्द बिघडला. परमानंदाच्या शिवभारतांत (दिवेकरांनीं संपादिलेली प्रत १९२७ मध्यें प्रसिद्ध झाली) प्रतिपक्ष हा भूमीवर उतरलेल्या दैत्यांचाच समुदाय आहे. हें महाकाव्य आहे व काव्यास त्याचे संकेत असतात, हें आम्ही जाणतों. तथापि सभासद तर कवि नव्हे. त्यानेंहि जंजिऱ्याच्या सिद्दीस घरांतील उंदराची उपमा दिली. राज्यकारभाराच्या दृष्टीनें ती अगदीं मार्मिक आहे. घरांतला उंदीर नासाडी करतो आणि हातीं लागत नाहीं. पण उंदीर मारतांना कोणी त्याचें नांवगांव विचारीत नाहीं, हेंहि त्या उपमेंत आलेंच.

दुसऱ्या बाजूस निराळें कांहीं नव्हतें. खाफीखान या मोंगल इतिहासकारानें शिवछत्रपतींच्या मृत्यूचें वर्ष ज्या फारसी अक्षरांत बसविलें, त्यांचा अर्थ काफिर नरकास गेला असा होतो, आणि ही जुळणी आपणांस साधली याचा त्यास अभिमान वाटतो. मोंगल मराठ्यांस गनीम म्हणत. आमच्या लोकांनीं तो शब्द उचलून आपल्या युद्धरीतीस गनिमी कावा म्हटलें आणि आपल्या शत्रूंसहि गनीमच म्हटलें. शिवी अशी मिरवतां आली म्हणजे तिची नांगी मोडते. सर्वांस हें साधत नाहीं.

आपल्या वाचकांपैकीं ज्यांनीं केवळ मराठी दप्तरें पाहिलीं आहेत, त्यांनीं बंगालकडचे दोन ग्रंथ अवश्य पाहावे. बाणेश्वर विद्यालंकार या पंडितानें १७४४ मध्यें बरद्वानच्या राजाच्या आश्रयास असतांना चित्रचंपू रचिला. गंगारामाचें महाराष्ट्रपुराण बंगाली भाषेंत सुमारें १७५१ चें आहे. दोहोंतहि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचें वर्णन आहे. चित्रचंपूचें संस्कृत प्रौढ व सुबोध असल्यामुळें आम्ही तो कौतुकानें वाचूं लागलों. आणि स्त्रिया, बालकें, गर्भिणी, ब्राह्मण यांपैकीं कोणासहि न सोडणारे ते दारुण लोक म्हणजे आपलेच लोक आहेत, हें ध्यानीं येतांच पुस्तक मिटून ठेविलें. दुसऱ्या दिवशीं पुन्हां उघडलें. जुलूम झाला हें खरें. त्याविषयीं साक्षी पुष्कळ आहेत. पण त्या वर्णनांतील मराठ्यास घर नाहीं, आई नाहीं, रोजमुरा थकलेला नाहीं. तो केवळ एक उत्पात आहे. अशा उत्पाताशीं वचन पाळण्याची गरज कोणास वाटावी? त्याच १७४४ सालीं अलीवर्दीखानानें भास्कर राम कोल्हटकर यास तहाच्या बोलण्यासाठीं मनकऱ्याच्या छावणींत बोलाविलें आणि डेऱ्यांत त्याच्या सरदारांसह कापून काढलें.

आतां मुंबईकडे येऊं, कारण आमचा मुख्य विषय तेथें आहे.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत जंजिऱ्याचा सिद्दी हा मोंगलांचा आरमारी चाकर होता, आणि पावसाळ्यांत त्याचीं गलबतें माझगांवच्या बंदरांत येऊन राहत. मुंबईकर इंग्रजांस हें मानवत नसे, पण मोंगलांच्या मुलखांत त्यांच्या वखारी असल्यामुळें नाहीं म्हणण्याची सोय नव्हती. १६७९ मध्यें शिवछत्रपतींनीं खांदेरी बेट बांधावयास घेतलें. लागलीच पुढच्या वर्षाच्या आरंभीं सिद्दीनें शेजारची उंदेरी धरली. छत्रपति संभाजी गादीवर आल्यानंतर लौकरच त्यांच्या लोकांनीं रात्रीं उंदेरीवर उतरण्याचा प्रयत्न केला, तो फसला व पुष्कळ लोक मारले गेले. ऑर्म या इंग्रज इतिहासकारानें नमूद केलें आहे कीं, त्यांपैकीं सुमारें ८० जणांचीं मस्तकें सिद्दीनें टोपल्यांत भरून माझगांवास आणविलीं, आणि किनाऱ्यानें खांब रोवून त्यांवर तीं लावण्याचा त्याचा बेत होता. मुंबईच्या कौन्सिलानें त्यास मनाई केली.

माझगांवची ती किनारपट्टी आज गोदींच्या भिंतींआड गेली आहे. टोपली हें मासळीचें, भाजीचें पात्र. त्यांत मस्तकें भरून आणण्यास जें मन लागतें, तें एका रात्रींत तयार होत नाहीं. मागें कित्येक वर्षांची भाषा लागते. आणि कौन्सिलानें मनाई केली हें विसरूं नये. मराठे त्या दिवशीं इंग्रजांचे शत्रु नव्हते, निदान सिद्दीचे होते तसे नव्हते. ज्याचें युद्ध नसतें त्यास मस्तकें हीं मस्तकेंच दिसतात. याच कौन्सिलाची दृष्टि चाळीस वर्षांनीं कशी झाली होती तें पुढें पाहावयाचें आहे.

मराठी आरमाराचा सरखेल कान्होजी आंगरे याचें चरित्र येथें विस्तारानें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. १७१३-१४ च्या सुमारास बाळाजी विश्वनाथाच्या मध्यस्थीनें तो शाहू छत्रपतींच्या पक्षास मिळाला व त्याचें सरखेलपद कायम झालें. इंग्रजांशींहि त्याचा १७१३ मध्यें तह झाला होता. वादाचें मूळ दस्तकांत होतें. कोंकण किनाऱ्यानें जाणाऱ्या गलबतानें सरखेलाचा दस्तक घ्यावा, न घेतल्यास तें धरलें जावें, हा कान्होजीचा दावा होता. पोर्तुगीजांनीं दोनशें वर्षें आपल्या परवान्यांनीं हेंच केलें होतें. इंग्रजहि आपल्या बंदरच्या व्यापाऱ्यांस परवाने देत. अधिकार कोणाचा, एवढाच प्रश्न होता. परंतु इंग्रजांनीं त्या प्रश्नाचें उत्तर एका शब्दांत देऊन टाकलें. कान्होजी हा चांचा, म्हणजे समुद्रावरचा लुटारू, ठरला.

हा शब्द साध्या शिवीसारखा नव्हे. युरोपीय धर्मशास्त्रांत त्यास विशेष अर्थ आहे. सिसेरो या रोमन पंडितानें आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथांत असें प्रतिपादिलें कीं, न्याय्य शत्रूस दिलेलें वचन पाळलेंच पाहिजे, पण चांचा हा सर्वांचा समान शत्रु असल्यामुळें त्यास शपथेवर दिलेलें वचन मोडलें तरी दोष नाहीं. पुढच्या कायदेपंडितांनीं त्यावरून चांचा म्हणजे अखिल मानवजातीचा वैरी, असें सूत्र केलें. जो मानवजातीचा वैरी तो मानवजातीच्या बाहेरचा, हें ओघानेंच आलें. आमच्या स्मृतींत दस्यु शब्दाची गति थोडीफार अशीच आहे. मनूनें मात्र राजधर्म सांगतांना निजलेल्या, शस्त्र टाकलेल्या, हात जोडलेल्या, केस सुटलेल्या शत्रूस मारूं नये अशी यादीच दिली आहे. असे लोक मारले जात असल्यावांचून कोणी अशी यादी करीत नाहीं, हें उघड आहे. तथापि यादी केली हेंहि कमी नाहीं.

येथें एक शाळेंतली आठवण सांगावीशी वाटते. आम्ही शिकवीत असतां एका जुन्या पाठ्यपुस्तकांत कान्होजीसंबंधीं चांचा हा शब्द होता व तो आम्ही वर्षानुवर्षें तसाच वाचून दाखवीत होतों. एकदां सातवींतल्या एका मुलानें उभें राहून विचारलें, "गुरुजी, चांच्याला सरखेल कोणी केलें?" आम्हीं त्यास खालीं बसविलें. उत्तर आम्हांस येत होतें, पण प्रश्न आमच्या मनांत आधीं आला नव्हता, याची खंत अजून वाटते.

कान्होजी साधु होता असें मात्र कोणी समजूं नये. १७१२ च्या अखेरीस त्यानें मुंबईच्या गव्हर्नराचें गलबत धरलें तेव्हां त्यावर एक तरुण इंग्रज स्त्री होती. त्या झटापटींत तिचा पति मारला गेला. तीस व इतरांस कुलाब्यास ठेवून घेऊन पुढच्या वर्षीं ३०,००० रुपये खंडणी पोंचल्यावरच सोडण्यांत आलें. तिच्या लेखीं कान्होजी कोण होता याविषयीं तिच्याशीं वाद घालण्याचा आम्हांस अधिकार नाहीं.

चार्ल्स बून हा १७१५ च्या अखेरीस मुंबईचा गव्हर्नर झाला. आंगऱ्याचा मोड करावयाचा हा त्याचा ध्यास होता. मुंबईच्या कोटाची भिंत त्याच्याच अमदानींत पुरी झाली आणि आरमार वाढविण्यांत आलें. या सर्व खटाटोपांत बूनचा एक भरंवशाचा मनुष्य म्हणजे रामा कामती. जातीनें शेणवी, व्यापारानें संपन्न, कंपनीच्या देशी शिपायांवरहि त्याचा अधिकार चाले. वाळकेश्वराचें देऊळ पोर्तुगीज अमलांत नष्ट झालें होतें, तें १७१५ मध्यें यानेंच पुन्हां बांधलें. बाणगंगेच्या पायऱ्या उतरणाऱ्या किती जणांस त्याचें नांव ठाऊक असेल, नकळे.

१७१८ च्या नोव्हेंबरांत बून स्वतः आरमार घेऊन खांदेरीवर गेला व हात हालवीत परत आला. त्याच वर्षीं नाताळच्या दिवशीं कोटांतील इंग्रजांचें नवें देऊळ, ज्यावरून पुढें चर्चगेट हें नांव पडलें, उघडण्यांत आलें. त्याचा पुरोहित रिचर्ड कॉब यानें त्या समारंभाचा वृत्तांत लिहून ठेविला आहे. त्यांत रामा कामती आपल्या जातभाईंसह आला होता व उपासना संपेपर्यंत ते सर्व बाहेर आदरानें उभे होते, असें त्यानें मुद्दाम नोंदलें आहे. खांदेरीचा पराभव होऊन महिना लोटला होता, तरी त्या दिवशीं रामा कामती हा मानाचा पाहुणा होता.

परंतु पराभवास कारण लागतें. आपलें आरमार आपल्याच चुकीनें परतलें असें कोणतेंहि कौन्सिल सहसा लिहीत नाहीं. आणि ज्यास आपण लुटारू म्हणतों त्यानें आपला युद्धांत पाडाव केला हेंहि मनास पटत नाहीं, कारण लुटारूस युद्ध कोठून येणार? म्हणून फितुरी शोधावी लागते. ती शोधली गेली. १७२० च्या मार्चांत मुख्य न्यायाधीश लॉरेन्स पार्कर याच्यापुढें रामा कामतीची चौकशी झाली. आरोप, आंगऱ्याशीं गुप्त पत्रव्यवहार केल्याचा. पुराव्यांत मुख्य होतें तें त्याच्या नांवचें, ऑक्टोबर १७१८ मधील एक पत्र.

या पत्राचें इंग्रजी रूप छापलें गेलें आहे व तें आपल्या वाचकांनीं लक्षपूर्वक पाहण्याजोगें आहे. मजकूर थोडका: आमच्या जनरलानें खांदेरी घेण्याचा ठराव केला आहे, अमुक दिवशीं वेढा पडेल, दारूगोळा तयार आहे, तरी आपण किल्ल्याची तरतूद करावी. पण त्या मजकुराच्या आधीं मायना केवढा! सूर्यासारखें तेज, पराक्रम, विजय, औदार्य, धैर्याचा स्तंभ, बुद्धीचें सार, ब्राह्मणांचें प्रतिपालन, धर्माचें रक्षण, राजांकडील मान, अशीं विशेषणें एकामागून एक येतात आणि अखेरीस सेन्योर या पोर्तुगीज शब्दानंतर कान्होजी आंगरे सरखेल हें नांव येतें. मुंबईंत त्या काळीं व्यवहाराची भाषा पुष्कळ अंशीं पोर्तुगीज होती. या एका शब्दावरून भाषांतर कोणत्या वाटेनें आलें असावें याचा तर्क करतां येतो.

ज्यानें मोडी पत्रांचीं पांच बाडें उलगडलीं आहेत तो हा मायना पाहून चकित होणार नाहीं. असे मायने आमच्या मेस्तकांत व लेखनपद्धतीच्या वह्यांत नमुन्यादाखल दिलेले असतात. कारकून तेथून ते उतरून घेतो. त्यांत स्नेह सिद्ध होत नाहीं, निष्ठा तर नाहींच. ज्यास पत्र लिहावयाचें तो कोणत्या पदावर आहे एवढेंच त्यांत सिद्ध होतें. इंग्रज न्यायासनास मात्र तो नमुना म्हणून दिसणें कठीण होतें. ज्यास आपण मानवजातीबाहेर घातलें त्यास आपल्या पदरचा मनुष्य सूर्य म्हणतो! पत्राचा मजकूर खरा कीं खोटा हें ठरविण्यापूर्वींच त्या विशेषणांनीं निकाल केला असावा, असा आमचा अभिप्राय आहे. एरवीं प्रत्येक जाणत्या परीक्षकानें प्रथम जें विचारावें, शिक्का कोणाच्या ताब्यांत असे, हस्ताक्षर कोणाचें, कागद कोठून आला, आणणाऱ्याचा स्वार्थ काय, त्यास तेथें आवश्यक तें वजन मिळालें नाहीं. हाच मायना खोटें पत्र बनविणाऱ्यासहि वहींतून उतरून घेतां येतो, हें तर कोणाच्या ध्यानींहि आलेलें दिसत नाहीं.

पुरावा पुरा करण्यासाठीं एका साक्षीदाराच्या अंगठ्यांवर लोखंडी चाप आवळण्यांत आला, आणि त्या वेदनेनें तो कबूल झाला असें दप्तरांत सरळ लिहून ठेविलें आहे. लपविलेलें नाहीं. लिहिणाऱ्यास त्यांत लपविण्यासारखें कांहीं वाटलें नाहीं. माझगांवास टोपल्या पाहून ज्या कौन्सिलास किळस आली होती, त्याच कौन्सिलाच्या वारसांनीं हें केलें. या खेपेस युद्ध त्यांचें स्वतःचें होतें. शत्रूस माणसांतून उठविलें म्हणजे तें तेथेंच थांबत नाहीं. त्याच्याशीं बोलणारा, बोलणाऱ्याचा चाकर, चाकराचा अंगठा, असें तें आंत आंत येत जातें.

रामा कामती दोषी ठरला. त्याची मालमत्ता जप्त झाली व त्यास आजन्म कैद झाली. आठ वर्षें तो कैदेंत होता आणि १७२८ मध्यें कैदेंतच वारला. कान्होजी त्यानंतर वर्षभरानें, १७२९ च्या जुलैंत, अलिबागेस निवर्तला. ज्या पत्रांच्या आधारें शिक्षा झाली तीं बनावट होतीं असें पुढें उघडकीस आल्याचें मुंबईचा इतिहास लिहिणारे सांगतात. रामा कामतीनें आंगऱ्याकडे कधींच कांहीं लिहिलें नसेल असें म्हणण्याचा आमचा आग्रह नाहीं. ज्याचा व्यापार या किनाऱ्यावर चाले त्यास सरखेलाकडे पत्र धाडल्यावांचून गलबत हांकणें कठीणच होतें. पण तांदळाचें पत्र आणि घाताचें पत्र यांतला भेद युद्धाच्या दिवसांत कोणी करीत नाहीं.

त्याच सालचा दुसरा एक प्रकार थोडक्यांत सांगतों. १७२० च्या मे महिन्यांत बूननें मुंबईच्या देवळांतील पोर्तुगीज पक्षाचे पाद्री शत्रूस मिळालेले म्हणून बेटाबाहेर घालविले व तीं देवळें कार्मेलाईट पंथाच्या पाद्र्यांच्या हवालीं केलीं. परळचा जुना मठहि सुमारें याच वेळीं सरकारजमा होऊन गव्हर्नराचा बंगला झाला. हल्लीं तेथें हाफकिन संस्था आहे. आणि पुढच्याच वर्षीं, १७२१ मध्यें, याच पोर्तुगीजांशीं करार करून इंग्रज त्यांच्या खांद्यास खांदा लावून कुलाब्यावर चालून गेले. मोहीम फसली ती गोष्ट निराळी. वर्षापूर्वीं ज्यांचे पुरोहित विषासारखे वाटत होते ते मित्र झाले, यांत पोर्तुगीजांचा स्वभाव बदलला नव्हता.

१७२४ मध्यें गव्हर्नर फिप्स व कान्होजी यांच्यांत कैद्यांच्या सुटकेसंबंधीं पत्रें झालीं. फिप्सनें उपदेश केला कीं लुटीवर चालणारें राज्य टिकत नाहीं. कान्होजीचें उत्तर इंग्रजी भाषांतरांत शिल्लक आहे आणि तें वाचतांना आम्हांस आमच्या न्यायशास्त्राच्या गुरुजींची आठवण झाली. तो म्हणतो त्याचा आशय असा: लोभ व्यापाऱ्यांसहि सुटलेला नाहीं, जगाची रीतच अशी आहे कीं ईश्वर कोणास स्वहस्तें कांहीं देत नाहीं, एकाचें घेऊन दुसऱ्यास देतो, आणि आमचें राज्य जुलमावर व लुटीवर चालतें असें व्यापाऱ्यांनीं म्हणावें हें शोभत नाहीं, कारण शिवाजी महाराजांनीं चार पातशहांशीं युद्ध करून तें स्थापिलें आहे. यांत क्षमायाचना नाहीं, शिवीगाळहि नाहीं. आम्ही राज्य आहों, आमच्याशीं राज्यासारखें बोला, एवढीच मागणी आहे. गंमत अशी कीं हें पत्र आमच्यापर्यंत ज्या ग्रंथानें पोंचविलें त्या बिडल्फकृत १९०७ च्या ग्रंथाचें नांवच मलबारचे चांचे असें आहे. पण फिप्सनें पत्र लिहिलें व उत्तर घेतलें. त्याच वेळीं त्याच्याच कोटांत रामा कामती आंगऱ्यास पत्र लिहिल्याच्या आरोपावरून कैदेंत होता.

आमच्या पक्षाचा हिशेब येथें दडवून ठेवूं नये. नानासाहेब पेशव्यांचें व कान्होजीचा पुत्र तुळाजी याचें वैर वाढलें तेव्हां तुळाजी हा पुण्याच्या लेखीं राज्याचा कंटक झाला. १७५६ च्या फेब्रुवारींत विजयदुर्गास क्लाइव्ह व वॉटसन यांच्या तोफांनीं मराठी आरमार जळालें, तें पेशव्यांच्या संमतीनें व मदतीनें. त्यानंतर तुळाजीचें उरलें आयुष्य पेशव्यांच्या कैदेंत गेलें. वडील मुंबईकरांच्या लेखीं चांचा, मुलगा पुणेकरांच्या लेखीं चोर. सरखेलपद मात्र दोघांचेंहि छत्रपतींच्या शिक्क्याचें होतें. १९५१ पासून मुंबईच्या जुन्या कोटांतील नौदलाच्या तळास आंगरे हें नांव आहे. ज्या आवारांत बूनचें कौन्सिल बसत असे, तेंच हें आवार. रामा कामतीच्या नांवाची पाटी मात्र आम्हीं कोठें पाहिली नाहीं.

हा लेख पुरा झाल्यावर आम्ही गिरगांवच्या त्या यजमानांकडे गेलों. त्यांचें बिऱ्हाड आतां दादरास आहे. सर्व हकीकत त्यांनीं शांतपणें ऐकून घेतली, रामा कामतीचें ऐकून हळहळले, चहा झाला. मग उठून त्यांनीं ती पेटी आणली आणि म्हणाले, "गुरुजी, उतरून घ्या. फक्त वरच्या दोन ओळी छापूं नका." आम्हीं पुष्कळ समजाविलें. मायन्यावांचून पत्र म्हणजे तांदळाचा जमाखर्च, तो छापून काय करावयाचें, असेंहि म्हटलें. त्यांनीं मान हलविली, पण अट सोडली नाहीं. आमच्यानेंहि ती स्वीकारवली नाहीं. चारहि कागद हल्लीं त्या पेटींत आहेत. पेटींत कडुनिंबाचा पाला घालण्याचें मात्र त्यांनीं कबूल केलें आहे.